खादाडाचं विरजण

शालन लोहारच्या हातचं दही कधी फसलं नाही. कडाक्याच्या थंडीत नाही की श्रावणातल्या ओलसर हवेत नाही. निंबोडे फाट्यावरच्या गॅरेज लाईनीतल्या बायका विरजणासाठी वाटी घेऊन तिच्याच दारात यायच्या. तुमच्या हाताला गुण आहे म्हणायच्या, आणि शालन वरवर "काहीतरीच तुमचं" म्हणत आतून फुलायची. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतोच. कुणाला तो दागिन्यांचा असतो, कुणाला लेकाच्या डिग्रीचा. शालनला विरजणाचा होता, आणि त्यानंच तिचा घात केला.

विजेच्या गाड्या येऊन तेव्हा पुष्कळ वर्षं झाली होती. शहरात धूर सोडणारी गाडी दिसली तर लोक वळून बघायचे. पण शहरानं टाकलेलं इंजिन मरत नाही, ते खेड्यात येतं. उसाचे ट्रॅक्टर, वाळूचे डंपर, तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हातातले ट्रक, अशी सगळी म्हातारी इंजिनं फाट्यावर यायची आणि पोटातलं काळं ऑइल इथं ओकून जायची. त्या ऑइलची पूर्वी कुणाला फिकीर नव्हती. गिऱ्हाईक जाता जाता डबाभर काळं ऑइल मागायचं आणि मिस्त्री ते फुकट द्यायचा. गोठ्याच्या मेढींना वाळवी लागू नये म्हणून ते फासायचे, स्लॅबच्या सेंट्रिंगला लावायचे, म्हशीच्या गोचिडांवर चोळायचे. उरलेलं गटारीत जायचं आणि गटार नदीला मिळायची. कुणाच्या बापाचं काय गेलं!

मग महापूर आला. लाईनीतली बॅरलं उलटली आणि नदीवर सप्तरंगी तवंग पसरला. खालच्या गावांचे नळ कितीतरी दिवस बंद राहिले, मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले, आणि पुराचं पाणी जिथं तुंबलं तिथला ऊस मुळातून करपला. त्यानंतर कायदा आला. डोक्यावर ड्रोन फिरायला लागले. कुठल्या गॅरेजमागच्या गटारीत तवंग चमकला की ड्रोन तो टिपायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्या गॅरेजला टाळं लागायचं.

टाळ्याबरोबर सरकारनं उताराही दिला. तो म्हणजे एक पुडी. पुडीवर छापलेलं नाव वाचताना जीभ अडखळायची, म्हणून लाईनीनं तिचं नाव खादाड ठेवलं.

ती कशी वापरायची हे शिकवायला जिल्ह्याच्या तेल-निचरा केंद्रातून डॉ. नीलोफर मुल्ला आल्या. बाई तरुण आणि बोलायला मोकळी. पुडीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आहेत आणि ते ऑइल खातात, असं त्यांनी सांगितलं. बॅरलमध्ये ऑइल, तेवढंच पाणी आणि पुडी घालायची, झाकण उघडं ठेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, कारण या जिवाणूंना खायला ऑइल लागतं तशी श्वासाला हवा लागते. आठवडाभरात ऑइल फस्त होतं. तळाला धातूंचा गाळ राहतो, तो केंद्राची गाडी घेऊन जाते. आणि हे जिवाणू बाहेर मोकाट सुटू नयेत म्हणून त्यांची दोरी शास्त्रज्ञांनी आपल्या हातात ठेवली होती. एक जीवनसत्त्व त्यांना स्वतःचं स्वतः बनवता येत नाही, ते पुडीतच घातलेलं असतं. ते संपलं की खादाडही संपला.

"म्हणून दर बॅरलला नवी पुडी," नीलोफर म्हणाल्या. "हे दही नव्हे. यातलं काढून त्यात घालायचं नाही."

शालननं त्यातलं दही तेवढं ऐकलं.

दोष नुसता तिचाच होता असंही नाही. केंद्राकडून पुड्या यायच्या त्या तुटपुंज्या. ऑइल साठत जायचं, वर ड्रोनची घरघर चालू असायची, आणि शालनचा नवरा दिनकर टाळ्याच्या धास्तीनं जेवणावरून उठायचा. त्याचा सुकलेला चेहरा तिला बघवेना. एक दिवस तिनं निम्मं काम झालेल्या बॅरलमधून पळीभर पाणी काढलं आणि नव्या बॅरलमध्ये घातलं. पार आंबट व्हायच्या आत काढायचं, ही दह्याचीच रीत. पहिल्या खेपेला काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला काम रेंगाळत झालं. चौथ्या-पाचव्या खेपेपासून मात्र बॅरल असं रटरटायला लागलं की दिनकर बघतच राहिला. ऑइल खल्लास! त्या रात्री तो पोटभर जेवला.

बातमी लपते थोडीच. लाईनीतल्या बायका वाटीऐवजी कडीचा डबा घेऊन यायला लागल्या, आणि शालन द्यायला लागली. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली रीत, म्हणून तिचा डबा कुणाकडं गेला की साखर, शेंगदाणे, दोन लिंबं असं काहीतरी आत घेऊनच यायचा. नीलोफर मॅडम आल्या की शालन कोपऱ्यातली जुनी रिकामी पाकिटं दाखवायची आणि विषय बदलायची.

आता मधल्या भिंतीचं सांगायला हवं.

लोहार बंधूंचं गॅरेज एके काळी एकच होतं. सासरे गेल्यावर दिनकर आणि धाकटा उत्तम वेगळे झाले आणि मध्ये भिंत आली. हवेचा मोठा कॉम्प्रेसर दिनकरकडं आला, लोखंड कातायची लेथ उत्तमच्या वाट्याला गेली. महिना झाला नाही तोच लेथचा दांडा तडकला. आतून आधीच चिरलेला होता. दिनकरला त्याची गंधवार्ताही नव्हती, देवाशपथ नव्हती. पण उत्तमच्या मनानं घेतलं ते घेतलंच. दादाला ठाऊक होतं आणि दादा गप्प बसला, असं तो भर लाईनीत बोलला. दिनकरनं एकदाच खुलासा केला, पुन्हा केला नाही. त्या दिवसापासून सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नकार्यातही पाहुण्यासारखे वागत होते. दिनकर बोलून दाखवायचा नाही, पण भिंतीपलीकडं उत्तमचा खोकला ऐकू आला की हातातला पाना थांबायचा. ते दुखणं शालन रोज बघत होती. देवाकडं तिचं एकच मागणं होतं, ही दोघं एका पाटावर बसलेली दिसू देत.

आणि ते मागणं विरजणानं पुरं होत आलं. श्रावण संपता संपता उत्तमची बायको मंदा भिंतीशी येऊन उभी राहिली. उत्तमच्या गटारीत तवंग दिसल्याचा दम ड्रोनवाल्यांनी दिला होता. मंदा खाली बघत म्हणाली, "अक्का, आम्हालाही थोडं द्याल का?" शालननं लगेच भिंतीवरून आपला डबा भरून दिला. तिसऱ्या दिवशी डबा परत आला, साखरेनं काठोकाठ भरलेला. ती साखर शालननं चहात घातली नाही. देवापाशी ठेवली.

पुढं सगळं कसं भराभर झालं. तोच डबा भिंतीवरून पुन्हा पुन्हा जाऊ-येऊ लागला. आधी जावांचं बोलणं सुरू झालं, मग उत्तम "वहिनी, बरं आहे का" म्हणायला लागला. मंदा हुशार. तिनं विरजण बॅरलमध्ये तर घातलंच, शिवाय गॅरेजच्या पिटमध्येही ओतलं. पिट म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करायचा खोल खड्डा. उत्तमच्या पिटच्या तळाला कित्येक वर्षांच्या ऑइलची आणि धुण्याच्या पाण्याची रबडी साचली होती. ती उपसण्यापेक्षा खादाडानंच खाल्लेली काय वाईट, असा मंदाचा हिशोब. शालननं तिच्या अकलेचं कौतुक केलं.

भाद्रपदात पावसाची झड लागली. शालनला ताप भरला आणि एक बॅरल झाकण लावून न ढवळता राहिलं. ताप उतरल्यावर तिनं झाकण उघडलं तर सडक्या अंड्यांचा भपकारा आला. नासलेलं विरजण ती ओळखत होती. तिनं लपवाछपवी केली नाही, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. तिनं नीलोफर मॅडमना फोन केला आणि विरजणाचं सगळं सांगून टाकलं. त्या आल्या, रागावल्या नाहीत, नमुना घेऊन गेल्या.

नमुन्याचा निकाल आला तो नवरात्रातल्या अष्टमीच्या सकाळी, फोनवर.

शालनला समजेल अशा शब्दांत नीलोफरनी सांगितलं. मूळचा खादाड पाचव्या खेपेच्या आतच मेला होता. पण पाण्यातले, गटारीतले, हाताला लागलेले दुसरे जिवाणू त्याच्या पंगतीला येऊन बसले होते. शालननं दर खेपेला त्यातलेच तगडे निवडून पुढं वाढवले, नकळत, बियाणं निवडावं तसे. या आगंतुकांना हवेची गरज नव्हती. हवा असली तर ठीक, नसली की इंजिन ऑइलमध्ये कंपन्या जे गंधक मिसळतात त्यावर ते श्वास भागवायचे आणि त्याचा वायू सोडायचे. तोच हा अंड्याचा वास. वायू हवेपेक्षा जड, म्हणून खोलगट जागेत बसून राहतो. थोडा असला तर वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला असं समजायचं नाही. माणूस दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला जाणारा त्याच्या अंगावर.

"बॅरलं उघड्यावर काढा, चुना घाला, आणि कुठल्याही खड्ड्यात कुणी उतरायचं नाही," नीलोफर म्हणाल्या. "सणाची सुट्टी आहे, तरी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी माणसं घेऊन येते. तोवर एकूण एक घरी तुम्ही सांगा. मीही फोन लावते. कुणाकुणाला दिलंत?"

शालननं एकेक नाव घेतलं. नीलोफरनी विचारलं, आणखी कुणी?

"नाही," शालन म्हणाली. "एवढेच."

का म्हणाली? तिला पुढं शंभरदा हा प्रश्न पडला, पण तेव्हा उत्तर अगदी सोपं वाटलं होतं. यंदा खंडेनवमीला दोघा भावांनी मिळून हत्यारं पुजायची असं उत्तमनं आदल्याच दिवशी ठरवलं होतं. तो स्वतः दारात आला होता. "दादा, बाबांची ऐरण तुझ्याकडं आहे, ती घेऊन ये," एवढंच बोलला, आणि दिनकर मागच्या मोरीत जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत राहिला. अशा वेळी उत्तमला जाऊन सांगायचं, की भावजी, आमच्याकडनं आलेलं नासकं निघालं? पुन्हा तेच? लेथचा दांडा आणि हे विरजण यांची सांगड त्याच्या मनानं घातली असती आणि भिंत होती त्याहून उंच झाली असती. आणि दोन दिवस हत्यार विश्रांतीला. नवमीला पाना उचलायचा नसतो, दसऱ्याला गॅरेज बंद. पिटमध्ये उतरणार कोण? दसरा झाला की सांगू. दोन दिवसांचा तर प्रश्न.

दुपारी ती घरोघर फिरली. कुणी कुरकुरलं, कुणी हसलं, पण चुना सगळ्यांनी घातला. उत्तमकडं तिनं आधीच सांगितलं असेल असं प्रत्येकाला वाटलं, आणि दिनकर दिवसभर ऐरण घासण्यात गुंतला होता. शेवटी पाय तिला उत्तमच्या दारात घेऊन गेले. उंबऱ्यापर्यंत येताना तिनं ठरवलं होतं, सांगून टाकायचं.

आत मंदा पिटवर फळ्या बसवत होती. दर वर्षी पूजा त्याच फळ्यांवर मांडायचे. फटींतून हळदीकुंकू खाली जाऊ नये म्हणून तिनं फळ्यांवर ओली गोणपाटं अंथरली होती आणि वर शेणानं सारवलं होतं. तिनं विचारलं, पिटमधून वास येतो का गं? मंदा हसून म्हणाली, आठवडाभर नुसता उच्छाद होता, खाली कुणी उतरलंच नाही, आता नाही येत. तुमच्या विरजणानं सगळं खाल्लं बघा.

शालननं तोंड उघडलं. तेवढ्यात मागून उत्तम आला, हातात झेंडूची टोपली. तो आनंदात होता, कधी नव्हे तो चेष्टा करत होता. म्हणाला, वहिनी, उद्या पुरण तुमच्या हातचं, आमच्या हिच्या पुरणाला हातोडी लागते. मंदानं लटक्या रागानं त्याला झेंडू फेकून मारला. शालननं सांगायचं पुढं ढकललं. ती सुद्धा हसली.

नवमीला ऐरण मधोमध ठेवली. भोवती पाने, हातोड्या, स्क्रू-ड्रायव्हर, जॅक, सगळ्यांना हळदीकुंकवाची बोटं. दोन भाऊ एका पाटावर बसले. शालनला रडू आलं आणि तिनं ते डोळ्यांत धूर गेल्याच्या नावावर खपवलं. फळ्यांकडं ती बघत नव्हती. फळ्यांखाली मात्र काम चालू होतं. हवा कोंडली होती, खायला रबडी होती, गंधक होतं. सगळं शेणानं छान लिंपून बंद केलेलं.

दसऱ्याला दुपारची जेवणं झाली, आपट्याची पानं दिली-घेतली. दिनकरनं उत्तमला सोनं दिलं आणि उत्तम वाकून त्याच्या पाया पडला. शालन ताटं घासायला मागं गेली. तिच्या मनावरचा धोंडा जरा हलला होता. उद्या मॅडम येतील, आज संध्याकाळी भावजींना बाजूला घेऊन सांगू. आता त्यांचं मन मोकळं आहे, समजून घेतील.

पुढून दिनकरच्या जुन्या जीपचा आवाज आला. तिला आधी काही वाटलं नाही. मग ती जीप भिंतीच्या पलीकडं वाजायला लागली.

दसऱ्याला पूजा उतरवून मुहूर्ताचं एक काम करायचं, ही तिच्या सासऱ्यांची रीत होती. वेगळे झाल्यापासून दोन्ही घरांत ती बंद पडली होती, म्हणून शालन ती साफ विसरली होती. उत्तम विसरला नव्हता. यंदा मुहूर्ताचं काम दादाच्या जीपचं करायचं, तिचं ऑइल आपल्या हातानं बदलायचं, हे त्यानं मनाशी धरलं होतं.

खरकट्या हातांनी ती धावली. फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, जीप पिटवर उभी होती, आणि उत्तम पिटच्या पायऱ्या उतरून गाडीखाली दिसेनासा झाला होता. खालून त्याचा आवाज आला, "दादा, सतराचा पाना दे." दिनकरनं पाना घेऊन हात खाली केला. तो कुणी घेतला नाही. खाली रबडीत काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला, बस्स. रबडीवरची साय मोडली होती.

दिनकरनं हाक मारली. मग पाना टाकून तो पायरीवर उतरला.

शालननं मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. ती काही धट्टीकट्टी बाई नव्हती, पण त्या वेळी तिच्यात कुठून बळ आलं कोण जाणे. दोघंही मागं फरशीवर आदळले. दिनकर तिला ढकलत होता, तो माझा भाऊ आहे म्हणत होता, आणि ती सोडत नव्हती. शेवटी ती ओरडली.

"उतरू नका. खाली विषारी वायू आहे. मॅडमनी सांगितलंय."

दिनकरची धडपड थांबली. दारात मंदा उभी होती, हातात चहाचे कप. तिनं कप नीट खाली ठेवले, अगदी जपून.

"कधी सांगितलंय, अक्का?"

शालननं दिनकरच्या कमरेची मिठी सोडली.

"तुम्हाला ठाऊक होतं," मंदा म्हणाली.

नंतर लाईन धावून आली. चारजणांनी जीप मागं ढकलली. कुणीतरी दिनकरचा कॉम्प्रेसर भिंतीला वळसा घालून आणला आणि त्याची नळी पिटमध्ये सोडली. वाटणीतला तोच कॉम्प्रेसर धाड धाड करत उत्तमच्या गॅरेजमध्ये हवा भरत राहिला. दोराला हूक बांधून उत्तमला वर घेतलं तेव्हा फार उशीर झाला होता. कपाळावर सकाळचा टिळा तसाच होता.

नीलोफर त्याच संध्याकाळी आल्या, माणसं आणि वायूपासून वाचवणारे मुखवटे घेऊन. लाईनीतली बॅरलं सील झाली. पण विरजण फाट्यावर थांबलं नव्हतं. बायकांनी ते माहेरी नेलं होतं, ड्रायव्हरांनी डब्यातून परजिल्ह्यात. एका गावात पडीक आडात ऑइल आणि विरजण ओतलेलं होतं, तिथं बाप आणि मागोमाग लेक गेला. एका ठिकाणी विरजण पडलेली बायोगॅसची टाकी साफ करणारे गेले. रेडिओवर रोज सांगायला लागले की खड्ड्यात, आडात, टाकीत उतरू नका, वास येत नसला तरी उतरू नका. नीलोफरनी शालनला दोष दिला नाही. पुड्या वेळेवर पोचवल्या असत्या तर विरजणाची गरजच पडली नसती, असं त्या पोलिसांपुढंही बोलल्या. मग जाताना त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "मी तुम्हाला आणखी कुणी म्हणून विचारलं होतं ना?" शालननं होय म्हणून मान हलवली.

दिनकर जगला. त्यानं तिला काही विचारलं नाही, तिच्यावर हात उगारला नाही, घर सोडून गेला नाही. वाढलेलं मुकाट जेवायचा. एकदाच, भावाच्या तेराव्याला, भिंतीकडं बघत तो म्हणाला, "लेथचं मला खरंच ठाऊक नव्हतं गं." तिच्या काळजात जे चर्र झालं ते तिला आयुष्यभर पुरलं.

चौदाव्या दिवशी सकाळी भिंतीवर मंदाकडं राहिलेला तिचा कडीचा डबा ठेवलेला दिसला. घासून लख्ख केलेला, उन्हात चमकत होता. पलीकडं कुणी उभं नव्हतं. शालननं तो उतरवला आणि कडी काढून उघडला.

आत काही नव्हतं. साखरेचा एक दाणासुद्धा नाही.